गिअरबॉक्स गेला, हे ठरवलं कुणी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: माझ्याकडे १९७२ सालची शेव्हरोले नोव्हा आहे. आठ सिलिंडरचं इंजिन आणि मूळचाच टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. काही महिन्यांपासून गिअर उशिरा पडतात, पडताना धक्का बसतो. सकाळी ‘ड्राइव्ह’ला टाकलं की गाडी हलायला वेळ घेते. चढावर मधूनच इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. गिअरबॉक्समध्ये वारंवार तेल घालावं लागतं, खाली मात्र डाग नसतो. इंजिनही वयामुळे पांढरट धूर सोडतं, पण तो वेगळा विषय. ओळखीच्या मिस्त्रींनी एक चक्कर मारून ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून सांगितलं. म्हणून मी एका पाँटिअॅकमधून काढलेला, याच मॉडेलचा वापरलेला गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरसकट (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) घेऊन ठेवलाय. तो घरी खोलून, किट टाकून बांधावा आणि मग सुट्टीच्या दोन दिवसांत बदलावा, तोवर नोव्हा चालती राहील, असा बेत आहे. मोठा भाऊ म्हणतो, चालू गाडीतून काढलाय ना, मग तसाच बसव. मिस्त्री म्हणतात, ऑटोमॅटिक घरी खोलायची गोष्टच नाही. तेल बदलून पाहावं तर ‘जुन्या ऑटोमॅटिकचं तेल बदललं की तो कायमचा बसतो’ असंही ऐकलंय. इंजिन मी एकदा स्वतः बांधलेलं आहे. कुणाचं ऐकू?

उत्तर

तुमचं, भावाचं आणि मिस्त्रींचं, तिघांचंही म्हणणं एकाच गृहीतावर उभं आहे: नोव्हाचा गिअरबॉक्स गेला. ते एका चक्करीत ठरलं आणि पुढे कुणी तपासलं नाही. तुमचं पत्र मात्र मला काही वेगळंच सांगतंय. ज्याला तुम्ही ‘वेगळा विषय’ म्हणून बाजूला सारलंत, त्या पांढऱ्या धुरापासूनच सुरुवात करू.

तेल कमी होतं आणि खाली डाग नाही. मग तेल जातं कुठे? या गिअरबॉक्सच्या मागच्या भागात, उजव्या अंगाला, डबीसारखा एक भाग एका बोल्टच्या पट्टीने धरलेला असतो. तो व्हॅक्यूम मॉड्युलेटर. त्याच्या आत रबराचा पडदा असतो आणि त्याची नळी थेट इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डला जाते. इंजिनवर भार किती आहे हे गिअरबॉक्सला या नळीतल्या व्हॅक्यूमवरून, म्हणजे इंजिनच्या हवा ओढण्याच्या जोरावरून, कळतं. अॅक्सिलरेटर हलका असला की व्हॅक्यूम भरपूर, त्यामुळे तेलाचा दाब कमी आणि गिअर लवकर, अलगद पडतात. अॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम घटतो, दाब वाढतो आणि गिअर उशिरा, कडक पडतात. आता तो पडदा फाटला तर काय होईल? इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं तेल ओढून घेईल आणि जाळेल. धूर निघेल, खाली डाग पडणार नाही. त्याच वेळी व्हॅक्यूमची ओढ पोचत नसल्यामुळे गिअरबॉक्सला वाटत राहील की तुम्ही अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलाय. म्हणजे गिअर उशिरा आणि धक्क्याने. तेल पातळीखाली गेलं की पंप हवा ओढतो, आणि चढावरची ती नुसती ओरड तिथून येते. तुमच्या बहुतेक तक्रारी या एका सुट्या भागात बसतात, आणि तो गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतो.

हेच आहे असं मी इथं बसून छातीठोकपणे सांगणार नाही. पण तपासायला वेळ लागत नाही. गाडी नीट उचला, जॅकस्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालू नका), आणि इंजिन थंड असताना मॉड्युलेटरवरची रबरी नळी ओढून काढा. नळीचं तोंड खाली करा. आतून लाल तेलाचा थेंब आला किंवा बोट ओलं झालं, तर पडदा गेला, पुढचा वाद नको. नळी कोरडी असेल तर इंजिन चालू करून नळीच्या त्याच टोकाला व्हॅक्यूम गेज लावा. धडधाकट इंजिन आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना) साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतं. इंजिनपाशी व्हॅक्यूम ठीक आणि इथे कमी, तर नळी कुठेतरी फुटलीय किंवा चोंदलीय. नळी कोरडी आणि व्हॅक्यूमही ठीक, तर मात्र माझा अंदाज चुकीचा आणि मिस्त्रींच्या म्हणण्याला वजन येतं.

तुम्ही सांगितलेलं एक लक्षण या हिशेबात पूर्ण बसत नाही: सकाळचा उशीर. तेल कमी असल्यामुळे तो होऊ शकतो. गाडी बरेच दिवस उभी असली की कन्व्हर्टरमधलं तेल गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमध्ये उतरतं, त्यामुळेही होतो. पण तेलाची पातळी बरोबर असताना, रोज वापरातल्या गाडीलाही तेवढाच वेळ लागत असेल, तर ‘फॉरवर्ड’ क्लचच्या (पुढचे गिअर धरणारा, तेलाच्या दाबाने आवळला जाणारा प्लेटांचा संच) पिस्टनची रबरी सील वयाने कडक झाली असण्याची शक्यता जास्त. रबर गरम झालं की ती जरा मऊ होतात, म्हणून दुपारी गाडी शहाण्यासारखी वागते. असं असेल तर कधी ना कधी गिअरबॉक्स खोलावा लागेल. पण ‘कधी ना कधी’ आणि ‘गेला’ यांत बराच फरक आहे. पातळी पाहताना गिअरबॉक्स गरम, गाडी सपाट जागी, लिव्हर पार्कमध्ये आणि इंजिन आयडलला हवं. थंड गाडीत तेल मोजायची काठी पाहून तेल घालत असाल तर आजवरचे तुमचे सगळेच अंदाज चुकलेले असू शकतात.

आता तेल बदलण्याची भीती. लोक तेल बदलतात कधी? गिअर घसरायला लागल्यावर. तोवर क्लच प्लेटांचं अस्तर झिजून गेलेलं असतं, बदलल्यानंतर थोड्याच दिवसांत गिअरबॉक्स बसतो आणि खापर नव्या तेलावर फुटतं. तेलामुळे तो मरत नाही, आधीच मरायला टेकलेला असतो. शिवाय तुम्ही इतक्यांदा भर घालताय, म्हणजे निम्मंअधिक तेल तसंही बदलून झालंय! तेव्हा पॅन निःशंक उतरवा.

त्या पॅनमध्येच तुमच्या निर्णयाचा अर्धा भाग आहे. मूळ पॅनला खाली तेल सोडायचा बोल्ट नसतो. तेरा बोल्टांपैकी एका बाजूचे पूर्ण काढा, दुसऱ्या बाजूचे नुसते सैल करा आणि पॅन हळूहळू तिरका होऊ द्या. तीन-साडेतीन लिटर तेल येईल. कोरड्या गिअरबॉक्सला नऊ-साडेनऊ लिटर लागतं, बाकीचं मुख्यतः कन्व्हर्टरमध्ये राहतं. तेलाचा वास घ्या. करपट वास आणि तपकिरी रंग असेल तर क्लच जळलेत. मग पॅनच्या तळाचा गाळ बोटाने पांढऱ्या कापडावर पुसा आणि उन्हात धरा. करडा, बारीक, लोण्यासारखा थर हे पन्नास वर्षांच्या यंत्राचं नेहमीचं झिजणं, त्याने घाबरू नका. काळे खरखरीत कण म्हणजे क्लचचं अस्तर. सोनेरी चमक म्हणजे बुश किंवा थ्रस्ट वॉशर. चुंबकाला चिकटणारे पोलादी काटे दिसले तर बेअरिंग किंवा गिअर कुठेतरी खातोय. कडक काळे तुकडे नखाने मोडत असतील तर ते सीलचे. आणि तेल गुलाबी दुधासारखं असेल तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी आत गेलंय. क्लचचं कागदी अस्तर पाण्याने सुटतं, तेव्हा सगळ्या प्लेटा आणि कन्व्हर्टर बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

पॅन उतरवण्याआधी, तेलाची पातळी बरोबर करून, एक चाचणी गाडी चालवून घ्या. या गिअरबॉक्समध्ये तिसरा गिअर आणि रिव्हर्स दोन्ही एकाच ‘डायरेक्ट’ क्लचवर चालतात, तर पुढचे तिन्ही गिअर ‘फॉरवर्ड’ क्लचवर. रिव्हर्स ठणठणीत आणि पुढे जाताना पहिल्यापासूनच घसरत असेल तर संशय फॉरवर्डवर. रिव्हर्सही घसरतो आणि तिसराही, तर डायरेक्टवर. रिव्हर्सला तेलाचा दाब जास्त असतो, त्यामुळे रिव्हर्स चांगला म्हणून डायरेक्ट क्लच निर्दोष, असा निकाल लगेच देऊ नका. गिअर नुसते उशिरा पडतात, घसरत कुठेच नाहीत, तर क्लच सोडा आणि मॉड्युलेटर, गव्हर्नर (गाडीच्या वेगाप्रमाणे गिअर पाडणारा भाग), किकडाऊनची केबल (अॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावर खालचा गिअर टाकायला लावणारी) एवढंच बघा.

यावर मॉड्युलेटर, फिल्टर आणि पॅनचं गॅस्केट बदलून गाडी ताळ्यावर आली, तर पाँटिअॅकच्या गिअरबॉक्सचा प्रश्न घाईचा उरत नाही. हे ऐकून तुमचा थोडा हिरमोड होईल, याची मला कल्पना आहे. पत्राचा सूर बघता तुम्हाला तो खोलायचाच आहे, नोव्हा हे निमित्त आहे. त्यात काही वावगं नाही. मात्र ‘गाडीला गरज आहे’ आणि ‘मला शिकायचंय’ हे दोन हिशेब वेगळे मांडा. पहिल्यात घाई असते, दुसऱ्यात घाई घातक असते.

आता तो वापरलेला गिअरबॉक्स. भावाचं ‘तसाच बसव’ मला मुळीच पटत नाही. ‘चालू गाडीतून काढलाय’ हे वाक्य विकणाऱ्याचं, आणि तो कधी काढला, किती दिवस कुठे पडून होता, तोंडं बंद होती की उघडी, यांची उत्तरं त्यात नाहीत. उघड्या तोंडातून दमट हवा शिरली की आतल्या पोलादी प्लेटांवर गंज धरतो, सील सुकतात. असा गिअरबॉक्स आठवडाभर सुंदर चालून मग घसरू शकतो, आणि तेव्हा तो पुन्हा उतरवायचा. नुसतं वजनच ५४ किलोंच्या आसपास, तेल आणि कन्व्हर्टर वेगळे. तो एकदा चढवणं हेच पुरेसं काम आहे. कुणाला तसाच बसवायचाच असेल तर त्याने निदान पॅन काढून तळ बघावा, फिल्टर, पुढचं-मागचं सील आणि मॉड्युलेटर बदलावा. त्याहून कमी केलं तर तो निव्वळ जुगार.

पण तुमच्या बाबतीत त्याआधीचा एक प्रश्न आहे आणि तो पत्रात कुणीच काढलेला नाही. तो बसेल का? टर्बो ३५० आतून बराचसा सारखा असला तरी पुढच्या बेलहाउसिंगच्या (इंजिनला जोडलं जाणारं घंटेसारखं तोंड) बोल्टांची मांडणी दोन प्रकारची येते: एक शेव्हरोलेची, दुसरी ब्युइक-ओल्ड्समोबिल-पाँटिअॅकची. पाँटिअॅकच्या स्वतःच्या आठ सिलिंडरच्या इंजिनमागे असलेला गिअरबॉक्स तुमच्या नोव्हाच्या इंजिनवर सरळ बसणार नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस काही पाँटिअॅक गाड्यांत शेव्हरोलेचं इंजिन आलं, तेव्हा अगदीच आशा सोडू नका, पण किट मागवण्याआधी खात्री करा. मोठा पुठ्ठा बेलहाउसिंगच्या तोंडावर दाबून धरा, भोकांचे ठसे उमटतील, ते कापा आणि गाडीखाली जाऊन इंजिन व गिअरबॉक्सच्या सांध्यावरच्या बोल्टांशी ताडून बघा. मागची शेपटीही मोजा; ती ढोबळमानाने ६, ९ आणि १२ इंच अशा तीन लांब्यांत मिळते, आणि चुकीची निघाली तर प्रोपेलर शाफ्ट व क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारी आडवी पट्टी) दोन्ही अडतात. मांडणी जुळवायला अॅडॉप्टर प्लेट मिळते हे खरं, पण घरात शेव्हरोलेचीच मूळ केस (गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच) असताना मी त्या भानगडीत पडणार नाही.

म्हणून माझं मत असं. खोलायची वेळ आलीच, तर नोव्हाचा स्वतःचा गिअरबॉक्स बांधा आणि पाँटिअॅकचा सुट्या भागांसाठी ठेवा. तुमच्या गिअरबॉक्सचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, तो या गाडीला बसतो हे सिद्ध आहे, आणि त्या काळातल्या अनेक जीएम गाड्यांप्रमाणे केसवर चासी नंबरचा काही भाग ठोकलेला सापडला तर गाडीच्या मूळपणाच्या दृष्टीनेही तो मोलाचा. किटमध्ये प्लेटा, सील, रिंगा, गॅस्केट येतात. ड्रम, प्लॅनेटरी (गिअरांचा संच), पंप येत नाहीत. रीबिल्ड अडतं ते याच जड भागांवर. दुसरा अख्खा गिअरबॉक्स शेजारी असणं त्यामुळे फार उपयोगाचं आहे: दोन ड्रमांतला कमी झिजलेला निवडा, दोन पंपांतला कमी चरे पडलेला. फक्त गव्हर्नर आणि स्पीडोमीटरचा छोटा गिअर नोव्हाचेच ठेवा, कारण ते त्या-त्या गाडीच्या इंजिन-अॅक्सलप्रमाणे जुळवलेले असतात.

‘नोव्हा तोवर चालती राहील’ हा तुमचा मुद्दा मात्र रास्त आहे. अर्धवट उघडलेली गाडी महिनोन्महिने उभी राहिली की मालकाचा उत्साह ओसरतो, आणि मग ती आणखी उभी राहते. पुठ्ठ्यावरची भोकं जुळली, शेपटी जुळली, तर तुमचा मूळ बेत धरून पाँटिअॅकचा बांधायला माझी हरकत नाही. मूळ गिअरबॉक्स मग तेल लावून, तोंडं बंद करून जपून ठेवा, विकू नका.

मिस्त्रींचं म्हणणं निम्मं खरं आहे. टर्बो ३५० हा १९६९ पासूनचा, इलेक्ट्रॉनिक्स नसलेला, भरपूर माहिती उपलब्ध असलेला गिअरबॉक्स आहे. पहिल्यांदा खोलायला याहून समजूतदार ऑटोमॅटिक सापडणं अवघड. पण इंजिन बांधलेला हात इथे थोडा आवरावा लागतो. इंजिन बऱ्याच गोष्टी माफ करतं. इथे कापडाचा एक धागा व्हॉल्व्ह बॉडीत (तेल कुठल्या वाटेने जायचं ते ठरवणारा भाग) गेला तरी व्हॉल्व्ह अडकतो, म्हणून पुसायला धागे सुटणारी चिंधी नको. पिस्टनच्या सीलची ओठासारखी कड दाबाच्या बाजूला हवी. बसवताना ती दुमडली तर बाहेरून काहीच दिसत नाही आणि गाडी मात्र तिसऱ्यात जात नाही. व्हॉल्व्ह बॉडी उतरवताना पोलादी गोळ्या टपाटप खाली पडतात, तेव्हा त्यांच्या जागांचा फोटो आधी. क्लचच्या प्लेटा बसवण्यापूर्वी तासभर तेलात भिजवा, प्रत्येक संचाची फट फीलर गेजने मोजा, एंडप्ले (शाफ्टची मागे-पुढे होणारी हालचाल) डायल गेजने. स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर आणि चांगला सर्कलिप प्लायर नसेल तर सुरूच करू नका.

आणि केस बंद करण्याआधी हवेची चाचणी. कॉम्प्रेसरची हवा कमी दाबाने एकेका क्लचच्या वाटेत सोडा. सील नीट असेल तर ‘ठक्’ असा भरीव आवाज येऊन पिस्टन बसतो. नुसती फुसफुस आली तर तो संच पुन्हा उघडा. कंटाळा आला म्हणून इथे पुढे जाणाऱ्यांना गिअरबॉक्स गाडीत चढवल्यावर तो पुन्हा उतरवावा लागतो.

यातलं काही झेपत नसेल तर मधला रस्ता मोकळा आहे: उतरवणं, धुणं, चढवणं तुम्ही करा, बाकावरचं काम ऑटोमॅटिकच करणाऱ्या माणसाकडे द्या. देताना ‘ओव्हरहॉल करून द्या’ एवढंच बोलून परत फिरू नका. जुने भाग परत मागा, कुठले जड भाग बदलले ते लिहून घ्या, आणि कन्व्हर्टरचं काय केलं ते विचारा. कन्व्हर्टर वेल्ड करून बंद केलेला असतो, घरी आतून धुता येत नाही. जळालेल्या क्लचचा सगळा गाळ त्याच्यात आणि कूलरच्या नळ्यांत साठतो. नवा बांधलेला गिअरबॉक्स जुना कन्व्हर्टर आणि न धुतलेल्या कूलरला जोडला की पहिल्या दिवशीच तो गाळ परत आत येतो.

चौथा गिअर असलेला ७००आर४ टाकावा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. हमरस्त्यावर इंजिनचे फेरे कमी होतात हे खरं, पण त्याची थ्रॉटल-व्हॉल्व्हची केबल चुकीची लावली तर क्लच जळतात, शिवाय क्रॉसमेंबरची जागा बदलते. नोव्हा रोज लांब पल्ल्याला नेणार नसाल तर त्या फंदात पडू नका.

चढवताना कन्व्हर्टरमध्ये लिटरभर तेल ओता आणि तो हाताने फिरवत आत ढकला. तो टप्प्याटप्प्याने आत जातो, शेवटचा टप्पा पंपाच्या खाचांत बसतो. केस इंजिनला बोल्टांनी ओढून कन्व्हर्टर बसवायचा प्रयत्न केलात तर पंप मोडेल. केस हाताने इंजिनला टेकली पाहिजे, कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे, आणि तो व फ्लेक्सप्लेट (इंजिनच्या मागची, कन्व्हर्टर जोडायची चकती) यांत तीन ते पाच मिलिमीटर फट दिसली पाहिजे. फट नसेल तर बोल्ट आवळू नका, सगळं मागे घ्या.

पण हे सगळं नंतरचं. आधी ती नळी काढून बघा, आणि थेंब लाल निघाला तर मॉड्युलेटर मागवताना त्याच्यासोबत नवी रबरी नळीही मागवा. तेलाने फुगलेली जुनी नळी परत लावली तर ती थोड्याच दिवसांत सैल होऊन निसटते.